पोहऱ्यातलं पाणी कुठल्या आडाचं? चरबी, चेतातंतू आणि मॅक्रोफेज यांचं एक प्रकरण

काही वर्षं मी वर्गात फळ्यावर एक बाण काढत असे. डावीकडे मॅक्रोफेज, उजवीकडे तपकिरी चरबीची पेशी, आणि मॅक्रोफेजकडून चरबीकडे जाणारा बाण. बाणावर लिहिलेलं असे ‘नॉरॲड्रेनलिन’. मुलांना तो बाण आवडायचा. जंतू गिळणारी पेशी थंडी वाजली की चरबीला ऊब तयार करायला सांगते, हे ऐकून मागच्या बाकावरचेसुद्धा वही उघडायचे. २०१७च्या एप्रिलमध्ये तो बाण पुसावा लागला. ऑक्टोबरमध्ये त्याच दोन पेशींभोवती नवा बाण काढावा लागला, आणि तो जवळजवळ उलट्या अर्थाचा होता.

हे प्रकरण त्या बाणाचं आहे. लठ्ठपणात चेतासंस्था आणि रोगप्रतिकारक पेशी एकमेकींशी कशा वागतात, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. कारण इथे नुसती माहिती मिळत नाही. एकच पुरावा दोन उलट गोष्टी कशा सांगू शकतो, तेही दिसतं.

आधीची परिस्थिती

आमच्या अभ्यासक्रमात चेतासंस्था एका प्रकरणात आणि प्रतिकारशक्ती दुसऱ्याच प्रकरणात शिकवली जाते. चरबीचं संशोधनही बराच काळ असंच दोन वाटांनी चाललं होतं.

पहिली वाट चेतातंतूंची. स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६मध्ये दाखवलं की अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे आपण बोलताना जिला सिंपथेटिक म्हणतो ती, आपला निरोप नॉरॲड्रेनलिनच्या रूपात पोचवते. हे तंतू हृदयाकडे आणि रक्तवाहिन्यांकडे जातात, तसेच चरबीकडेही जातात. तंतूच्या टोकाशी नॉरॲड्रेनलिन सुटलं की ते मेदपेशीवरच्या बीटा ग्राहकांवर, म्हणजे निरोप ओळखणाऱ्या प्रथिनांवर (रिसेप्टरवर), बसतं. पांढऱ्या चरबीत त्यामुळे साठलेल्या मेदाचं विघटन सुरू होतं आणि मेदाम्लं रक्तात उतरतात. तपकिरी चरबीत यूसीपी-१ नावाचं प्रथिन कामाला लागतं. मायटोकाँड्रियात एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनवण्यासाठी उभारलेला प्रोटॉनचा दाब हे प्रथिन आडवाटेने सोडून देतं आणि ती ऊर्जा सरळ उष्णता होऊन बाहेर पडते. तपकिरी चरबीकडे जाणारे तंतू कापले, तर प्राण्याला थंडीत ठेवूनही ती चरबी नीट पेटत नाही. हे जुनं आणि पक्कं निरीक्षण आहे, ते लक्षात असू द्या, पुढे लागेल.

सुटलेलं नॉरॲड्रेनलिन तिथेच पडून राहत नाही, तसं राहिलं तर निरोप कधी संपलाच नसता. ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी दाखवलं की ज्या तंतूने ते सोडलं, तोच ते पुन्हा आत ओढून घेतो. १९७०चं नोबेल फॉन ऑयलर, ॲक्सेलरॉड आणि बर्नार्ड काट्झ यांना मिळालं. आत ओढणारं दार म्हणजे एसएलसी६ए२ हे वाहक प्रथिन, आणि आत आलेल्या नॉरॲड्रेनलिनचा निकाल लावणारं एन्झाइम म्हणजे मोनोअमाइन ऑक्सिडेज-ए, थोडक्यात एमएओ-ए. ही दोन नावं या प्रकरणाच्या उत्तरार्धातली मुख्य पात्रं आहेत.

दुसरी वाट प्रतिकारशक्तीची. १९९३मध्ये गोखान होतामिसलिगिल आणि ब्रूस स्पीगेलमन यांच्या गटाने लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-आल्फा हा दाहकारक रेणू वाढलेला दाखवला, आणि त्याचा इन्शुलिनला दाद न देण्याशी संबंध जोडला. २००३मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी सांगितलं की लठ्ठपणात चरबीमध्ये मॅक्रोफेजची संख्या फार वाढते. म्हणजे चरबी फुगते, तिथे दाह सुरू होतो आणि दाहामुळे चयापचय बिघडतो, असं चित्र तयार झालं. त्यात मॅक्रोफेज ही खलनायिका होती. बारीक प्राण्याच्या निरोगी चरबीतही मॅक्रोफेज असतात आणि त्या शांत, डागडुजी करणाऱ्या स्वभावाच्या असतात, हे माहीत होतं. पण तिथे त्या नेमकं काय करतात, याचं उत्तर तेव्हा कुणाकडे नव्हतं.

दावा

ते उत्तर २०११मध्ये आलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या अजय चावला यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये शोधनिबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. उंदराला ४ अंश सेल्सिअसच्या थंडीत ठेवलं की चरबीतल्या मॅक्रोफेज झपाट्याने त्या शांत स्वभावाकडे वळतात. याला इंटरल्यूकिन-४ हा रेणू कारणीभूत असतो. अशा मॅक्रोफेजमध्ये टायरोसीन हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम तयार होतं, त्या नॉरॲड्रेनलिन बनवतात, आणि ते सोडून तपकिरी चरबीला पेटायला व पांढऱ्या चरबीला मेद मोकळा करायला सांगतात. इंटरल्यूकिन-४चा मार्ग बंद केलेले उंदीर थंडीशी नीट जुळवून घेऊ शकत नव्हते. उलट बाहेरून इंटरल्यूकिन-४ दिलं की ऊर्जाखर्च वाढत होता.

हा दावा का पटला, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं समजणार नाही. एक म्हणजे तो हवेतून आलेला नव्हता. २००७मध्येच मिशिगन विद्यापीठातल्या गटाने ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं की भक्षक पेशी कॅटेकोलामाइन (नॉरॲड्रेनलिन ज्यांत मोडतं तो रेणूंचा गट) बनवतात आणि त्यामुळे तीव्र दाह आणखी वाढतो. दुसरं म्हणजे २०११चा निबंध एकाच प्रयोगावर उभा नव्हता. जनुकं काढून टाकलेले उंदीर होते, पेशींवरचे प्रयोग होते, थंडी होती, औषध होतं. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: त्या दाव्याने एक रिकामी जागा भरली. निरोगी चरबीतल्या मॅक्रोफेजना काम हवं होतं आणि ते मिळालं. पुढच्या तीन-चार वर्षांत इओसिनोफिल, जन्मजात लसिकापेशी, स्नायूंतून सुटणारे रेणू अशा अनेक गोष्टी याच साखळीला जोडणारे निबंध मोठ्या नियतकालिकांत आले. त्यांतल्या काहींत मॅक्रोफेजमध्ये बनलेलं नॉरॲड्रेनलिन हा मधला दुवा धरलेला होता. दुवा जितका वापरला गेला, तितका तो सिद्ध झाल्यासारखा वाटू लागला.

वर्गात एका मुलीने मला विचारलं होतं, “मॅडम, मग तंतू कापल्यावर तपकिरी चरबी बंद का पडते? मॅक्रोफेज तर तिथेच असतात ना?” मी तेव्हा सांगितलं की मॅक्रोफेजचा वाटा पूरक असेल, मुख्य नाही. उत्तर चुकीचं नव्हतं, पण प्रश्न त्या उत्तरापेक्षा मोठा होता. तो तिथेच थांबवायला नको होता, असं आज वाटतं.

तपासाची पहिली फेरी

आपल्याकडे म्हणतात, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? क्रिस्टोफ ब्यूटनर यांच्या न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय इथल्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका आडच तपासला.

नॉरॲड्रेनलिन एका टप्प्यात बनत नाही. आहारातल्या टायरोसीनपासून आधी एल-डोपा बनतं, त्यापासून डोपामीन आणि त्यापासून नॉरॲड्रेनलिन. या तीन टप्प्यांना तीन एन्झाइम लागतात, आणि पहिला टप्पा, म्हणजे टायरोसीन हायड्रॉक्सिलेजचा, सगळ्यात अरुंद. त्याच्या वेगावर पुढचं सगळं उत्पादन ठरतं. तो टप्पाच नसेल, तर पेशी स्वतः काही बनवू शकत नाही.

त्यांनी प्रौढ उंदरांच्या रक्तपेशींच्या अख्ख्या कुळातून टायरोसीन हायड्रॉक्सिलेजचं जनुक काढून टाकलं. मॅक्रोफेज याच कुळातल्या. २०११चा दावा खरा असता, तर हे उंदीर थंडीत कुठेतरी कमी पडायला हवे होते. ते पडले नाहीत. थंडीतला ऊर्जाखर्च तसाच राहिला, आणि मांडीजवळच्या पांढऱ्या चरबीचं तपकिरीकडे झुकणंही कमी झालं नाही.

मग ते उलट बाजूने गेले. अस्थिमज्जेपासून वाढवलेल्या मॅक्रोफेजना इंटरल्यूकिन-४ दिलं, पण नॉरॲड्रेनलिन सुटलं नाही. त्या मॅक्रोफेज ज्या द्रवात वाढल्या होत्या तो द्रव मेदपेशींवर घातला, तरी यूसीपी-१सारखी ऊब देणारी जनुकं जागी झाली नाहीत. सामान्य उंदरांना बराच काळ इंटरल्यूकिन-४ दिलं, ऊर्जाखर्च वाढला नाही. यूसीपी-१ नसलेल्या उंदरांतही वाढला नाही आणि इंटरल्यूकिन-४चा ग्राहकच नसलेल्या उंदरांतही नाही. शेवटी चरबीतल्या मॅक्रोफेजमध्ये थेट पाहिलं, तर टायरोसीन हायड्रॉक्सिलेज सापडलं नाही.

२०१७च्या ‘नेचर मेडिसिन’मधला हा निबंध मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्यातली सावध भाषा लक्षात आली. या मॅक्रोफेज महत्त्व धरण्याइतक्या प्रमाणात कॅटेकोलामाइन बनवत नाहीत, असं त्यांनी लिहिलं. कणभरही बनवत नाहीत, असं लिहिलं नाही. नकारात्मक निष्कर्ष कसा लिहावा, याचा हा नमुना आहे आणि मी तो विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला लावते. दावा मोडताना त्यांनी दावेदारांचेच मार्ग वापरले, शिवाय एकाच प्रयोगावर समाधान मानलं नाही. जनुक, पेशी, द्रव, औषध, ऊती, पाचही बाजूंनी एकच उत्तर आल्यावर मगच ते बोलले.

पण पोहऱ्यात पाणी होतं!

इथे प्रकरण संपलं असतं, तर ते ‘एक चूक दुरुस्त झाली’ एवढंच राहिलं असतं. अडचण अशी की काही मॅक्रोफेजमध्ये नॉरॲड्रेनलिन खरोखरच सापडत होतं.

पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळच्या ओएरास इथल्या गुल्बेंकियन विज्ञान संस्थेत आना दोमिंगोस यांचा गट चरबीतल्या चेतातंतूंवर काम करत होता. दोमिंगोस यांनी त्याआधी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत काम केलं होतं, म्हणजे मेदपेशींतून सुटणारं, भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरक १९९४मध्ये जिथे सापडलं तिथेच. २०१५मध्ये त्यांच्या गटाने ‘सेल’मध्ये दाखवलं की लेप्टिनमुळे चरबी वितळते ती अनुकंपी तंतूंमार्फतच. जिवंत उंदराच्या चरबीत त्यांनी तंतू मेदपेशींना कसे बिलगलेले असतात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. जनुकीय युक्तीने हे तंतू प्रकाशाला प्रतिसाद देणारे करून त्यांवर प्रकाश टाकला, तर तिथला मेद कमी झाला. चेतातंतूचं काम आणि चरबीचं वितळणं यांत अंदाज राहिला नाही.

त्याच तंतूंवर त्यांना काही वेगळ्या पेशी दिसल्या. चांदणीसारख्या हातपाय पसरलेल्या, तंतूला धरून बसलेल्या मॅक्रोफेज. चरबीत इतरत्र विखुरलेल्या मॅक्रोफेजपेक्षा यांची ठेवणच निराळी होती. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या निबंधात त्यांना नाव दिलं गेलं ‘अनुकंपी चेतापेशींच्या सोबतच्या मॅक्रोफेज’. आपण सोयीसाठी सोबतीण मॅक्रोफेज म्हणू.

या सोबतिणींमध्ये नॉरॲड्रेनलिन होतं. पण कोणती जनुकं चालू आहेत ते वाचलं, तेव्हा नॉरॲड्रेनलिन बनवण्याची यंत्रणा चालू नव्हती. चालू होती ती एसएलसी६ए२ आणि एमएओ-ए. म्हणजे ॲक्सेलरॉड यांनी ज्या कामासाठी चेतातंतूकडे बोट दाखवलं होतं, सुटलेलं नॉरॲड्रेनलिन आत ओढायचं आणि संपवायचं, तेच काम या मॅक्रोफेज करत होत्या. पोहऱ्यात पाणी होतं, पण आड शेजाऱ्याचा होता. मॅक्रोफेज निरोप देत नव्हती. दुसऱ्याचा निरोप ती पोचण्याआधीच उचलत होती.

मला या प्रकरणातला हा क्षण सगळ्यात मोलाचा वाटतो. पेशीच्या आत एखादा रेणू दिसला तर ती तो बनवते, असं आपण सहज गृहीत धरतो. ऊतीत प्रत्येक पेशी दुसरीला चिकटून असते, एकीचा माल दुसरीच्या घरात सापडतो. मॅक्रोफेजच्या बाबतीत तर हे फारच लागू, कारण जे आसपास असेल ते उचलणं हाच तिचा धर्म. एली मेचनिकॉव्ह यांनी एकोणिसाव्या शतकात तिला ओळखलं ते याच गुणावरून.

पुढचे प्रयोग ओळीने येतात. प्रकाशाने अनुकंपी तंतू चाळवले, तर सोबतिणींनी जास्त नॉरॲड्रेनलिन उचललं आणि त्यांचा स्वभावही दाहाकडे झुकला. एसएलसी६ए२चं जनुक काढलं किंवा त्या वाहकाला औषधाने अडवलं, तर उचलणं थांबलं. लठ्ठपणाच्या दोन वेगवेगळ्या नमुन्यांतल्या उंदरांमध्ये अनुकंपी चेतासंस्थेतल्या सोबतिणींचं प्रमाण वाढलेलं होतं. आणि निर्णायक प्रयोग असा: लठ्ठ उंदरांना एसएलसी६ए२ नसलेली अस्थिमज्जा दिली, म्हणजे त्यांच्या नव्या मॅक्रोफेजना नॉरॲड्रेनलिन आत ओढता येईना. त्या उंदरांत तपकिरी चरबी वाढली, पांढरी चरबी तपकिरीकडे झुकली, उष्णता जास्त निर्माण झाली आणि वजन चांगलंच उतरलं, आणि ते उतरलेलंच राहिलं. चेतातंतूंचं स्वतःचं एसएलसी६ए२ शाबूत होतं. फक्त रक्तकुळातल्या पेशींचं गेलं होतं.

टीकाकार म्हणून एक गोष्ट नोंदवायला हवी. अस्थिमज्जा बदलली की रक्तकुळातल्या सगळ्याच पेशी बदलतात, फक्त सोबतिणी नाहीत. परिणामाचं सगळं श्रेय त्यांना देताना हे पद्धतीचं बंधन ध्यानात ठेवावं लागतं. पण वाहक कुठे चालू आहे आणि नॉरॲड्रेनलिन कोण उचलतं, हे पुरावे त्याच दिशेने जातात, म्हणून मला निष्कर्ष पटतो.

माणसांच्या अनुकंपी चेतागंडांमध्येही (चेतापेशींच्या गाठींमध्येही) अशा पेशी मिळाल्या आणि त्यांच्यातही नॉरॲड्रेनलिन हटवण्याची तीच सामग्री होती, हेही त्याच निबंधात आहे.

त्याच वर्षी, वेगळ्या दारातून

शास्त्रात कधीकधी एकाच वेळी दोन ठिकाणी तीच कडी वाजते. अमेरिकेत येल विद्यापीठात विश्वदीप दीक्षित यांचा गट लठ्ठपणावर नाही, म्हातारपणावर काम करत होता. त्यांचा प्रश्न साधा होता, आणि आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडे पाहिलं तर ओळखीचा वाटेल. वय झालं की पोट सुटतं, थंडी जास्त बाधते, उपास झेपत नाही. या सगळ्याच्या मुळाशी एक समान गोष्ट आहे: नॉरॲड्रेनलिनच्या निरोपावर मेद मोकळा होण्याची क्रिया उतरत्या वयात मंदावते. आणि चमत्कारिक बाब म्हणजे वृद्धांच्या मेदपेशी तो निरोप ऐकायला अजून तयार असतात. मग निरोप जातो कुठे?

त्यांनी म्हाताऱ्या उंदरांच्या चरबीतल्या मॅक्रोफेजची सगळी चालू जनुकं वाचली. कुठल्याही ठराविक जनुकाचा माग काढायचा म्हणून त्यांनी हे केलं नव्हतं, सगळी यादी समोर ठेवून पाहिलं. तिथे कॅटेकोलामाइन संपवणारी जनुकं वर चढलेली दिसली. त्यामागे एनएलआरपी-३ हा दाह पेटवणारा संच होता. तो संच काढून टाकला, तर जीडीएफ-३ हा रेणू आणि एमएओ-ए दोन्ही खाली आले, आणि मेद मोकळा होऊ लागला. एमएओ-ए औषधाने अडवलं, तरी चरबीतलं नॉरॲड्रेनलिन पूर्ववत झालं आणि मेद तोडणारी एन्झाइम वाढली. २०१७च्या ‘नेचर’मध्ये हे छापून आलं.

ओएरास आणि येल यांचे प्रश्न वेगळे होते, उंदीर वेगळे होते, चरबीच्या जागाही वेगळ्या होत्या. तरी दोघे एकाच एन्झाइमपाशी पोचले. पहिल्या गटाने सांगितलं की जाड झाल्यावर निरोप उचलणाऱ्या पेशी वाढतात. दुसऱ्याने सांगितलं की वय झाल्यावर उचललेला निरोप जास्त वेगाने नष्ट होतो. दोन्हींत दाह हा पेशींना त्या कामाला लावणारा दिसतो. लठ्ठपणात दाह होतो, हे १९९३पासून शिकवलं जात होतं. तो दाह चेतासंस्थेचा आवाज दाबू शकतो, हा नवा भाग.

इस्रायलमधल्या रेहोवोत इथल्या वाइझमन संस्थेत श्टेफेन युंग यांच्या गटाने त्याच वर्षी तिसरी बाजू दाखवली, ती इथे थोडक्यात सांगते. रेट संलक्षण (रेट सिंड्रोम) या मेंदूच्या आजाराशी जोडलेलं एमईसीपी-२ हे जनुक त्यांनी फक्त मॅक्रोफेजमधून काढलं. उंदरांना मेंदूचा आजार झाला नाही, पण ते आपोआप लठ्ठ होऊ लागले. लठ्ठपणा दिसण्याआधीच त्यांच्या तपकिरी चरबीत अनुकंपी तंतू विरळ झालेले होते आणि नॉरॲड्रेनलिनही कमी होतं. बदललेल्या मॅक्रोफेज प्लेक्सिन-ए४ हे प्रथिन जास्त बनवत होत्या, आणि ते तंतूंना दूर ढकलत असावं असा त्यांचा अंदाज. गंमत अशी की एकाएकी थंडी दिल्यावर हे उंदीर नीट तापत होते. रोजची, मंद आचेवरची ऊब तेवढी कमी झाली होती. म्हणजे मॅक्रोफेज निरोप उचलते, एवढंच नाही. तंतू चरबीत किती दाट पसरेल, यातही तिचा हात असू शकतो.

औषधाच्या दारात

हे वाचून कुणालाही वाटेल, मग एसएलसी६ए२ अडवणारी गोळी द्यावी, वजन उतरेल. अशी गोळी होऊन गेली आहे. सिब्युट्रामिन हे औषध नॉरॲड्रेनलिन आणि सेरोटोनिन दोन्ही परत आत ओढलं जाणं अडवायचं, आणि वजन कमी करण्यासाठी जगभर लिहून दिलं जायचं. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे ९,८०० लोकांवर त्याची मोठी चाचणी झाली. २०१०मध्ये तिचे निकाल आले: हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना औषध घेणाऱ्यांत ११.४ टक्के, न घेणाऱ्यांत १०.० टक्के. त्याच वर्षी युरोपात आणि अमेरिकेत ते बाजारातून गेलं, पाठोपाठ भारतातही बंदी आली. नॉरॲड्रेनलिन सगळीकडे रेंगाळलं की ते हृदयापाशी आणि रक्तवाहिन्यांपाशीही रेंगाळतं, आणि जाड माणसाचं हृदय बहुतेक वेळा आधीच ताणाखाली असतं.

म्हणून २०१७च्या निबंधांचं महत्त्व ‘वाहक अडवा’ या सल्ल्यात मला दिसत नाही, तो सल्ला जुना होता. महत्त्व आहे ते कुठला वाहक, कुठल्या पेशीतला, शरीराच्या कुठल्या कोपऱ्यातला, या प्रश्नात. चरबीतल्या सोबतिणींचं दार बंद करायचं आणि हृदयापाशी हात लावायचा नाही. दोमिंगोस यांचा गट पुढे ऑक्सफर्डला गेला. २०२०मध्ये त्यांनी वेगळा मार्ग दाखवला. ॲम्फेटामिनच्या रेणूला पॉलिएथिलीन ग्लायकॉलची शेपटी जोडली, म्हणजे तो मेंदूत शिरू शकत नाही. असं औषध दिलेले उंदीर खाणं कमी न करता आणि धावपळ न वाढवता लठ्ठपणापासून वाचले, त्यांची ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडत राहिली आणि हृदयावर दुष्परिणाम दिसले नाहीत. ॲम्फेटामिनचा हृदयावरचा त्रास मेंदूतून येतो, थेट हृदयातून नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता.

उंदीर हा शब्द मी पुन्हा पुन्हा लिहिते आहे, तो मुद्दाम. प्रयोगशाळेतला उंदीर साधारण २२ अंशांत राहतो. आपल्याला ती हवा सुखद वाटते. उंदराला मात्र तिथे पहाटेच्या गारठ्यात पांघरुणाविना झोपल्यासारखं असतं, त्याला आरामाचं तापमान ३० अंशांच्या आसपास लागतं. म्हणजे त्याची तपकिरी चरबी आणि अनुकंपी तंतू दिवसरात्र कामाला जुंपलेले असतात, आणि नॉरॲड्रेनलिनमध्ये थोडासा फरक पडला तरी वजनावर ठळक दिसतो. कपडे घालून घरात बसणाऱ्या माणसात तेवढा फरक दिसेलच, असं धरून चालता येत नाही. या प्रकरणाची बातमी ‘वजन कमी करणारी पेशी सापडली’ अशा मथळ्यांनी सांगणाऱ्यांनी हा एक आकडा तरी सोबत छापायला हवा होता.

आणखी एक गोष्ट आपल्या इथली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीचा, असा हा भारतीय देह. त्या फोटोचा मॅक्रोफेजशी थेट संबंध नाही. पण चेतातंतू आणि प्रतिकारपेशी यांचं हे सगळं प्रकरण चरबीच्या आत, पेशींच्या शेजारधर्मात घडतं. वजनकाट्यावर त्यातलं काही दिसत नाही. आपल्या लोकांत लठ्ठपणाचा विचार करताना काट्याच्या आकड्यावर थांबणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं.

फळ्यावर

आता मी आधी चेतातंतू काढते. त्याच्या टोकाशी ठिपके, ते नॉरॲड्रेनलिन. समोर मेदपेशी. मग तंतूला बिलगलेली चांदणी. ठिपक्यांपासून दोन बाण निघतात, एक मेदपेशीकडे, एक चांदणीकडे. चांदणीच्या दारावर एसएलसी६ए२ लिहायचं, आत एमएओ-ए. मुलं विचारतात, चांदणीकडचा बाण जाड झाला तर काय होईल? मग लठ्ठपणा आणि म्हातारपण दोन्ही त्याच बाणावरून शिकवता येतं.

जुना बाण मी पूर्ण पुसत नाही. मॅक्रोफेजकडून मेदपेशीकडे तो तुटक रेषेने काढते, त्यावर फुली मारते आणि बाजूला लिहिते, २०११ ते २०१७. मुलं वहीत तो फुलीसकट उतरवून घेतात.